लोणारच्या दगडातील काच : एका विवराची ओळख पटण्याची दीडशे वर्षे

१/२२
पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे ज्या दख्खनी बेसाल्टात कोरले आहे, त्याच कुळातील लाव्हाथरांत बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर आहे. पाताळेश्वराचा कातळ पाथरवटांच्या छिन्नीने वर्षानुवर्षे घडत गेला, तर लोणारचा कातळ एका क्षणात फुटला, उलटला आणि काही ठिकाणी वितळला. दोन्हीकडची मूळ खनिजे सारखीच आहेत. लोणारच्या काही तुकड्यांत मात्र त्या खनिजांची आतली रचनाच मोडून गेली आहे. ही मोडतोड वाचण्याची विद्या विज्ञानाला साध्य होईपर्यंत दीडशे वर्षे गेली. त्या दीडशे वर्षांचा हा मागोवा.

२/२२
आधी स्थळाचा परिचय. विवराचा व्यास सुमारे १८३० मीटर आणि खोली सुमारे १५० मीटर आहे. कडा आसपासच्या पठारापासून साधारण २० ते ३० मीटर उंच उठलेली आहे. तळाशी खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. उतारांवर आणि काठाशी मध्ययुगीन मंदिरे विखुरलेली आहेत, तर लोणार गावात दैत्यसूदनाचे देखणे मंदिर उभे आहे. विष्णूने लवणासुराचा वध केला, ती ही भूमी, अशी स्थलपुराणाची धारणा. गावाचे नाव आणि पाण्याचा खारटपणा या दोन्हींचा उलगडा लोकपरंपरेने त्या एका कथेतून केला.

३/२२
लिखित नोंदींत लोणार उशिरा आलेले नाही. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या स्थानाचे पावित्र्य नोंदवले आहे आणि येथे काच व साबण तयार करण्यास लागणारे पदार्थ मिळतात, असेही सांगितले आहे. मोगल कारभाराला लोणारचे महत्त्व तीर्थ म्हणून होते, तसेच क्षारांचे उत्पन्नस्थान म्हणूनही होते. एवढा मोठा खड्डा पठाराच्या मधोमध कसा पडला, हा प्रश्न त्या कागदपत्रांचा नव्हता. तो प्रश्न एकोणिसाव्या शतकात विचारला गेला.

४/२२
इ. स. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली आणि युरोपीय विद्वानांच्या वर्तुळात या विवराची चर्चा सुरू झाली. पुढच्या काळात जे भूशास्त्रज्ञ येथे आले, त्यांतील बहुतेकांनी ज्वालामुखीचा किंवा भूगर्भातील वाफेच्या स्फोटाचा पक्ष धरला. त्यांच्या दृष्टीने तो स्वाभाविक होता. सारे दख्खन पठारच लाव्हाचे. मग लाव्हाच्या प्रदेशातील गोल खड्डा ज्वालामुखीचा मानण्यात वावगे काय?

५/२२
तरीही अडचणी होत्या. विवराभोवती ताज्या लाव्हाचा ओघ नाही, राखेची टेकडी नाही. भिंतीत एकावर एक असे सहा जुने लाव्हाथर दिसतात, आणि कडेजवळ हेच थर बाहेरच्या बाजूला कलतात; काही ठिकाणी तर ते उलथून पालथे पडले आहेत. १९१२ मध्ये ला टूश आणि ख्रिस्ती यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये लोणारच्या भूशास्त्राचा तपशीलवार आढावा घेतला. निरीक्षणे जमत गेली, पण त्यांना एका सूत्रात बांधणारे कारण सापडत नव्हते.

६/२२
याच काळात लोणार नकळत एका दूरच्या वादात ओढले गेले. अमेरिकेतील ॲरिझोनात कून ब्यूट नावाचे असेच एक विवर आहे आणि त्याच्या आसपास उल्कालोहाचे तुकडे सापडतात. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या नामांकित भूशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये त्याची पाहणी केली. विवराखाली लोखंडाचा मोठा गोळा गाडला गेला असेल तर चुंबकसूचीवर परिणाम दिसायला हवा, असा त्याचा तर्क. परिणाम दिसला नाही. त्याने वाफेच्या स्फोटाचा निष्कर्ष काढला आणि १८९६ मध्ये छापलेल्या व्याख्यानात तुलनेसाठी लोणारचा दाखला दिला.

७/२२
म्हणजे, आज उल्काघाताची उदाहरणे म्हणून शिकवली जाणारी ही दोन विवरे एकेकाळी उल्काघाताच्या विरोधात साक्षीला उभी होती! गिल्बर्ट निष्काळजी नव्हता. त्याची पद्धत काटेकोर होती. चूक गृहीतकात होती. सेकंदाला अनेक किलोमीटर वेगाने येणारी वस्तू जमिनीत गोळीसारखी रुतून बसत नाही. तिची गतिज ऊर्जा स्फोटासारखी मोकळी होते, आणि त्या वस्तूचा बहुतेक भाग वितळतो, वाफ होतो, विखुरतो. विवर उरते, पण विवर पाडणारा सापडत नाही.

८/२२
डॅनियल बॅरिंजरने १९०६ मध्ये कून ब्यूटच्या बाबतीत उल्काघाताचा पक्ष हिरिरीने मांडला. तोही गाडलेले लोखंड शोधत राहिला आणि त्यालाही तो गोळा मिळाला नाही. दोन्ही बाजू एकाच पुराव्याची वाट पाहत होत्या, आणि तो पुरावा अस्तित्वातच नव्हता. कोंडी फोडण्यासाठी प्रश्न बदलणे भाग होते. आलेला दगड कोठे गेला हे विचारण्याऐवजी, ज्या दगडावर आघात झाला त्याच्यावर कोणती खूण उरली, हे विचारायला हवे होते. ही खूण अशी हवी, जी ज्वालामुखीला कधीच उमटवता येणार नाही.

९/२२
ती खूण दाबाच्या आकड्यांत दडलेली होती. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या साधारण दहा हजार पट म्हणजे एक गिगापास्कल. सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर, भूखंडाच्या कवचाच्या तळाशी, जवळपास एवढा दाब असतो. ज्वालामुखीचे सारे व्यवहार साधारण या मर्यादेत चालतात. उल्काघातात मात्र पृष्ठभागावरच्या दगडाला दहा, वीस, पन्नास, शंभर गिगापास्कलचा तडाखा बसतो. वीस-पंचवीस गिगापास्कलचा स्थिर दाब शोधायचा, तर सहाशे किलोमीटरहून खोल जावे लागेल.

१०/२२
हा दाब दगडातून आघातलहरीच्या रूपाने धावतो. ही लहर ध्वनीपेक्षा वेगवान असते. तिच्या पुढच्या कडेवर दाब जवळजवळ एकाच उडीत शिखराला पोहोचतो. स्फटिकातील अणूंची शिस्तबद्ध रांग पसरून ताण वाटून घेण्याइतकी उसंत मिळत नाही. रांगा घसरतात, मोडतात, आणि दाब फार असेल तर पूर्ण विस्कटतात. सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात दाब ओसरतो, पण विस्कटलेल्या रांगा पुन्हा जागेवर येत नाहीत. आघाताची नोंद खनिजात कायम राहते.

११/२२
या नोंदीचे पहिले ठोस वाचन क्वार्ट्झमध्ये झाले. १९५३ मध्ये लोरिंग कोज या रसायनज्ञाने प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली सिलिकाचे एक नवे, अधिक घन रूप तयार केले. त्याला पुढे कोएसाइट हे नाव मिळाले. १९६० मध्ये चाओ, शूमेकर आणि मॅडसन यांना ॲरिझोनाच्या विवरातील वाळूखडकात नैसर्गिक कोएसाइट सापडले. एवढ्या उथळ जागी ते बनवू शकणारी दुसरी नैसर्गिक प्रक्रिया ठाऊक नव्हती. गिल्बर्टच्या व्याख्यानापासून रेंगाळलेला ॲरिझोनाचा वाद मिटला.

१२/२२
आघात झालेल्या क्वार्ट्झमध्ये आणखी एक खूण मिळते. एकमेकींना समांतर, अतिशय बारीक, सरळ पट्ट्या ठरावीक कोनांत स्फटिकाला छेदून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळखता येतात आणि आजही जगभरातील विवरांच्या तपासणीत हीच खूण सर्वाधिक वापरली जाते. मग लोणारला हीच कसोटी का लावली नाही? कारण दख्खनच्या बेसाल्टाच्या मूळ घडणीत क्वार्ट्झ जवळपास नसतेच. हा दगड मुख्यतः प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्झिन या दोन खनिजांचा. लोणारसाठी वेगळी लिपी हवी होती.

१३/२२
त्या लिपीचे पहिले अक्षर योगायोगाने भारतातच पडले होते. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील गयेजवळ शेरघाटी येथे आकाशातून एक दगड कोसळला. वजन सुमारे पाच किलो. शास्त्रीय वाङ्मयात त्याचे नाव ‘शेरगॉटी’ असे रूढ झाले. त्याचा भाग व्हिएन्नातील खनिजशास्त्रज्ञ गुस्टाव्ह चेर्माक याच्या हाती आला. दगड दिसायला पृथ्वीवरच्या बेसाल्टासारखाच होता. मात्र त्यात प्लॅजिओक्लेज असायला हवे होते, त्या जागी काही तरी निराळे होते.

१४/२२
दगडाचा काप मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांश जाडीपर्यंत घासला की त्यातून प्रकाश आरपार जातो. हा काप दोन आडव्या-उभ्या ध्रुवकांमध्ये ठेवून फिरवला, तर प्लॅजिओक्लेजचा स्फटिक आळीपाळीने उजळतो आणि काळवंडतो. चेर्माकच्या कापातील कण आकाराने प्लॅजिओक्लेजसारखे लांबट, पण कसेही फिरवले तरी काळेच. प्रकाशाशी त्यांचे वागणे काचेसारखे होते. १८७२ मध्ये त्याने या पदार्थाला ‘मॅस्केलिनाइट’ हे नाव दिले. ब्रिटिश म्युझियमच्या खनिज विभागाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन यांच्या सन्मानार्थ.

१५/२२
हा पदार्थ बनतो कसा, हे कोडे नव्वद वर्षे सुटले नाही. साधी काच वितळलेल्या रसाची असते. रस वाहतो आणि कणाचा आकार नाहीसा होतो. मॅस्केलिनाइटमध्ये कणाची चौकट जशीच्या तशी आणि आतली शिस्त मात्र गायब. घराच्या भिंती शाबूत राहाव्यात आणि आतील सारे सामान उलटेपालटे व्हावे, तसा हा प्रकार. १९६३ मध्ये डॅनियल मिल्टन आणि पॉल डी कार्ली यांनी गॅब्रो या दगडावर स्फोटकांचा धक्का देऊन प्रयोगशाळेत मॅस्केलिनाइट तयार केले. लागलेला दाब होता सुमारे २५ ते ३० गिगापास्कल.

१६/२२
आता लोणारची कसोटी ठरली. १९६४ मध्ये लाफाँड आणि डिएट्झ यांनी लोणार हे उल्काविवर असावे काय, असा लेख लिहिला. शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते. ते काढण्यासाठी जमिनीखाली जावे लागले. सरोवराच्या तळातून खोल वेधनछिद्रे घेतली गेली आणि कडेवर चर खणले गेले. या कामात अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेडरिक्सन, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. दुबे आणि एम. एस. बालसुंदरम होते. चौथे नाव डॅनियल मिल्टन, दहा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत मॅस्केलिनाइट घडवणारा तोच संशोधक.

१७/२२
मे १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तळाखाली फुटलेल्या दगडांच्या तुकड्यांचा जाड थर, म्हणजे ब्रेशिया, मिळाला. काही तुकड्यांवर आघातानेच उमटणाऱ्या शंकूच्या आकाराच्या रेषा होत्या. बारीक ब्रेशियात मॅस्केलिनाइट सापडले. कडेवरच्या चरांतून आणखी जबर धक्का बसलेले तुकडे निघाले. त्यांत प्लॅजिओक्लेज वितळून फेसाळले होते. शिवाय संपूर्ण वितळलेल्या खडकाचे गोळे आणि बारीक मणी होते. अलेक्झांडरच्या नोंदीनंतर बरोबर दीडशे वर्षांनी लोणारपुढचे प्रश्नचिन्ह गेले.

१८/२२
१९७६ मध्ये सुसान कीफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तुकड्यांची पाच वर्गांत मांडणी केली. सुमारे २० गिगापास्कलपर्यंत खनिजांना फक्त तडे जातात. २० ते ४० दरम्यान प्लॅजिओक्लेजचे मॅस्केलिनाइट होते, तर शेजारचे पायरॉक्झिन भंगते पण स्फटिकच राहते. ४० ते ६० दरम्यान प्लॅजिओक्लेजची काच वाहू लागते, तिच्यात बुडबुडे धरतात. ६० ते ८० दरम्यान पायरॉक्झिनही कडांपासून वितळू लागते. त्यापुढे सारा दगड एकरस होतो. मुठीत मावेल अशा तुकड्यावरून त्याला बसलेला तडाखा मोजता येऊ लागला.

१९/२२
हे संशोधन नेमके त्याच वर्षांत का वेगाने झाले? १९६९ पासून अपोलो मोहिमांनी चंद्रावरचे दगड पृथ्वीवर आणले होते. चंद्राचे काळे मैदानी प्रदेश बेसाल्टाचे, आणि त्यांवर आघातच आघात. तुलनेसाठी पृथ्वीवर बेसाल्टात पडलेले विवर हवे होते, आणि १९७३ मध्ये तसे ज्ञात असलेले विवर एकटे लोणार होते. ‘बेसाल्टातील जगातील एकमेव विवर’ हे आजही फिरणारे वाक्य तेव्हाचे आहे. पुढे ब्राझीलमध्ये व्हार्जेआओ आणि व्हिस्ता आलेग्रे ही बेसाल्टातील आघातस्थळे सिद्ध झाली. लोणारचे मोल त्याने घटत नाही. बेसाल्टातील इतके सुस्पष्ट, कमी झिजलेले विवर विरळाच.

२०/२२
दुसरा प्रचलित दावा असा की, लवणासुराची कथा म्हणजे उल्काघात डोळ्यांनी पाहणाऱ्या पूर्वजांची आठवण. विवराचे वय जेव्हा ५०,००० वर्षांच्या आसपास मानले जाई, तेव्हा ही कल्पना निदान आकर्षक होती. २०११ मध्ये वितळलेल्या खडकातील आरगॉनच्या समस्थानिकांवरून वय सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. त्यात ४७,००० वर्षे इकडे-तिकडे. आपल्या मानवजातीचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. ती कथा मध्ययुगीन श्रद्धेचा आणि खाऱ्या पाण्याच्या अनुभवाचा मोलाचा दस्तऐवज आहे. तिच्यावर उल्केच्या साक्षीचा भार टाकण्याची गरज नाही.

२१/२२
तिसरा मुद्दा जतनाचा. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा सर्वांचे लक्ष तिकडे गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे कारण दाखवले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. पाणी आणि मंदिरे अशी नजरेसमोर राहतात. पण आघाताचा पुरावा कडेबाहेर फेकल्या गेलेल्या साध्या दिसणाऱ्या मुरमात आणि दगडगोट्यांतही आहे. हा थर कडेपासून एक किलोमीटरहून अधिक दूरवर, शेतशिवारांखाली पसरला आहे. तेथील माती उपसली, सपाट केली, तर आघाताची पाने वाचण्याआधीच फाटतात. जवळच्या अंबर तळ्याला काहींनी दुसरे उल्काविवर म्हटले. पण गोल आकाराखेरीज निर्विवाद पुरावा पुढे आलेला नाही. आकारावर विसंबणे किती महागात पडते, हे गिल्बर्टच्या काळापासून ठाऊक आहे.

२२/२२
शेरघाटीच्या दगडाची कथा १८७२ मध्ये संपली नाही. १९८३ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या त्याच कुळातील एका उल्केच्या काचेत अडकलेला वायू व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या वातावरणाशी जुळला. शेरघाटीला पडलेला दगड मंगळाचा बेसाल्ट होता. तेथे झालेल्या आघाताने त्यातील प्लॅजिओक्लेजचे मॅस्केलिनाइट केले, आणि पुढे तो दगड अवकाश ओलांडून बिहारमध्ये आला. म्हणूनच मंगळाच्या आघातग्रस्त बेसाल्टाचा अभ्यास करणारे आज पडताळणीसाठी लोणारच्या दगडांकडे येतात. एका परग्रहावरच्या दगडाने लोणारची लिपी शिकवली. आता लोणार त्या ग्रहाचे दगड वाचायला मदत करते आहे.